नौखंडा महाल: दरवाजा उभा आहे, घर गेलं

औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, कोणत्याही रिक्षावाल्याला ‘भडकल गेट’ म्हणा, तो पत्ता न विचारता आणून सोडेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा तिथेच आहे. मोर्चे, मिरवणुका, जयंती, सगळं याच चौकातून जातं. पण हा एवढा मोठा दरवाजा कुठे जाण्यासाठी बांधला होता, असं विचारलं तर बहुतेकांना उत्तर देता येत नाही. दिल्ली दरवाजा दिल्लीच्या वाटेवर, पैठण दरवाजा पैठणच्या वाटेवर. भडकल मात्र कुठल्याच गावाच्या नावाने ओळखला जात नाही. कारण तो एका घराकडे नेणारा दरवाजा होता. त्या घराचं नाव नौखंडा महाल, आणि ते घर आज नाही.

बावन्न दरवाजांचं शहर म्हणून औरंगाबादचं कौतुक होतं, बीबी का मकबरा आणि पाणचक्की पाहायला शाळांच्या सहली येतात. पण ज्या वास्तूतून या शहराचा कारभार सुरू झाला, तिच्याबद्दल मराठीत फार थोडं लिहिलेलं सापडतं. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या मुली, बहिणी रोज त्याच जागेवर शिकायला जात असतील. म्हणून नौखंड्याची गोष्ट इथे थोडी सविस्तर सांगतो.

खडकी नावाचं गाव

सोळाव्या शतकाच्या मध्याला, साधारण 1548 च्या सुमाराला, आजच्या इथिओपियात एक मुलगा जन्मला. त्याचं मूळ नाव चापू. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला, अरबस्तान आणि इराकच्या बाजारांतून हात बदलत दख्खनला पोहोचला. वाटेत त्याला शिक्षण मिळालं, इस्लाम मिळाला आणि अंबर हे नावही मिळालं. अहमदनगरच्या निजामशाहीत त्याला विकत घेणारा चंगेजखान हा स्वतः हबशी होता, एके काळचा गुलाम, आणि आता निजामशाहीचा पेशवा. तो वारल्यावर अंबर मोकळा झाला. आधी साधा शिपाई, मग घोडेस्वारांचा सरदार, आणि 1600 साली अहमदनगरचा किल्ला मुघलांच्या हाती गेल्यावर बुडत्या निजामशाहीचा आधार. दुसऱ्या मुर्तझा निजामशहाला गादीवर बसवून राज्य त्यानेच चालवलं. परांडा, मग जुन्नर, मग दौलताबाद अशी राजधानी हलत राहिली.

दौलताबादचा किल्ला लढायला उत्तम, पण शहर वसवायला अडचणीचा. म्हणून 1610 साली मलिक अंबरने थोड्या अंतरावरच्या खडकी या लहानशा गावाची निवड केली. नावाप्रमाणेच जागा खडकाळ. तिथे त्याने पेठा वसवल्या, मशिदी बांधल्या, सरदारांना जागा दिल्या. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा ही नावं भोसले घराण्यातल्या सरदारांवरून, म्हणजे मालोजी, खेलोजी, परसोजी, विठोजी यांच्यावरून पडली असं सांगितलं जातं. हबशी वजीर आणि मराठे सरदार शेजारी राहत होते, एका झेंड्याखाली लढत होते. 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे अंबरच्याच बाजूने लढले. आज शहराच्या नावावरून जे वाद होतात ते ऐकताना आम्हाला हे मोहल्ले हमखास आठवतात.

भडकल दरवाजा 1612 चा. मुघल फौजेला परतवल्याची आठवण म्हणून तो उभा केला. औरंगाबादच्या सगळ्या दरवाजांत हाच सर्वात मोठा. त्याच्यावर नौबतखाना होता, नगारे तिथून वाजत. त्याचं नाव जुन्या कागदांत ‘बरकल’ असंही येतं.

चार वर्षांनी, 1616 मध्ये, जवळच्या उंचवट्यावर महाल झाला. म्हणजे दरवाजा आधी, घर नंतर.

1616: एक वाईट साल

हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. याच वर्षाच्या सुरुवातीला आजच्या जालना जिल्ह्यातल्या रोशनगावजवळ शाहनवाजखानाच्या मुघल फौजेने अंबरचा पराभव केला. अंबरचे काही सरदार आधीच फुटून पलीकडे गेले होते. विजयी फौज खडकीत शिरली. सहा वर्षांचं कोवळं शहर लुटलं, जाळलं, पाडलं आणि मग फौज निघून गेली. पुढे 1621 मध्ये शहाजहानच्या मोहिमेत खडकीवर पुन्हा तीच वेळ आली.

जहांगीर बादशहाचा अंबरवर किती राग होता ते त्याच सुमाराच्या एका चित्रात दिसतं. चित्रकार अबुल हसनने काढलेल्या या चित्रात जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून, भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. प्रत्यक्षात ते मुंडकं जहांगीरला कधीच मिळालं नाही. अंबर 1626 मध्ये, वयाच्या ऐंशीच्या आसपास, कोणाच्याही कैदेत नसताना वारला. जहांगीरच्या दरबारातला इतिहासकार मुतमदखान यालाही शेवटी या शत्रूच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची तारीफ लिहावी लागली.

तर ज्या वर्षी शहर जळलं, त्याच वर्षाचा हा महाल. खडकी सोडून परत डोंगरी किल्ल्यात जाऊन बसणं सोपं होतं. अंबरने तसं केलं नाही, इथेच टिकायचं ठरवलं. नौखंड्याकडे पाहताना आम्हाला ही गोष्ट त्याच्या नक्षीपेक्षा मोठी वाटते.

नऊ खंड कोणते?

नावाचा अर्थ सरळ आहे: नऊ खंडांचा, नऊ भागांचा महाल. 1884 साली निजाम सरकारच्या काळात निघालेल्या औरंगाबाद गॅझेटियरमध्ये आतल्या इमारतींची यादी दिली आहे. पाच जनाने, एक दीवान-ए-आम, एक दीवान-ए-खास, एक मशीद आणि एक कचेरी. बोटं मोजून पाहा, बरोबर नऊ होतात. प्रत्येक भागाला स्वतःची बाग आणि स्वतःचा पाण्याचा हौद होता.

यादी छोटी असली तरी तिच्यातून राहणीचा सगळा नकाशा उभा राहतो. नौखंडा म्हणजे एकच उंच इमारत नव्हे. भिंतींच्या आत एकमेकांना लागून असलेले नऊ वाडे असंच म्हणावं लागेल. भडकलमधून आत आलेला माणूस आधी सार्वजनिक भागात येणार. अर्जदार, शेतसाऱ्याचा हिशोब घेऊन आलेला पाटील-कुलकर्णी, तक्रार घेऊन आलेला बागवान, यांची धाव कचेरी आणि दीवान-ए-आमपर्यंत. मसलत दीवान-ए-खासमध्ये. नमाजासाठी मशीद आतच. आणि त्यापलीकडे जनाने, म्हणजे घरातल्या बायकामुलांचे भाग, ते सगळ्यांत जास्त, नऊपैकी पाच. राजवाडा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर दरबार येतो. पण अर्ध्याहून जास्त नौखंडा हा संसार होता: आया, दायी, मुदपाकखाना, मुलांचं शिक्षण, आजारपणं, लग्नं.

कचेरी महालाच्या आत असण्यालाही अर्थ आहे. जमीन मोजून, तिची प्रत पाहून, पिकाच्या प्रमाणात सारा ठरवायची मलिक अंबरची पद्धत महाराष्ट्राच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. शाळेच्या पुस्तकात तिच्यावर दोन ओळी असतात. असा कारभार कागदावर चालतो, आणि कागदाला बसायला जागा लागते. ती जागा मालकाच्या घरातच होती.

या नऊ भागांपैकी मधल्या जनान्याचं वर्णन खास आहे. त्याच्या भिंतींना संगमरवरासारखा दिसणारा चुन्याचा गुळगुळीत गिलावा होता आणि त्यावर रंगकाम केलेलं होतं. संगमरवर या भागात मिळत नाही, तो लांबून आणावा लागतो. इथला दगड काळा बेसॉल्ट. म्हणून दख्खनच्या गवंड्यांनी चुन्यावरच हात बसवला: चुना बारीक मळायचा, थरावर थर द्यायचा आणि शेवटचा थर ओला असतानाच घोटून घोटून चमकवायचा. चांगला घोटलेला चुना हाताला थंड लागतो, दिव्याच्या उजेडात झळकतो. पुढे याच शहरात बीबी का मकबऱ्यातही संगमरवर थोडक्या भागात आणि बाकी सगळीकडे गिलावा अशीच तोड काढलेली दिसते. मकबऱ्याला ‘गरिबाचा ताजमहाल’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हा हुनर जवळून पाहिलेला नसतो.

दक्षिणेकडे हमाम होता, गरम पाण्याचं स्नानगृह. त्या काळच्या हमामांची रचना साधारण एकसारखी असे. जाड भिंती, खिडक्या जवळजवळ नाहीत, उजेड घुमटातल्या छोट्या भोकांतून. पाणी बाहेरच्या भट्टीवर तापवून नळांनी आत यायचं. आधी एक कोमट खोली, मग गरम. अंग एकदम तापू नये आणि बाहेर पडताना एकदम गार वारा लागू नये, अशी ती सोय.

आता नऊ बागा, नऊ हौद आणि हमाम एका उंचवट्यावर. पाणी कुठून? हा प्रश्न अंबरने शहर वसवतानाच हातात घेतला होता. ‘नहर-ए-अंबरी’ हे त्याचं उत्तर. डोंगराच्या पायथ्याकडे जमिनीत मुरलेलं पाणी भुयारी गल्ल्यांतून गोळा करायचं, उताराने शहराकडे आणायचं, आणि पुढे खापराच्या नळांतून वाटायचं. वाटेत ठिकठिकाणी दगडविटांचे मनोरे, इथले लोक त्यांना ‘बंबे’ म्हणतात. पाणी त्यात स्वतःच्या दाबाने वर चढायचं, कोंडलेली हवा बाहेर पडायची, गाळ खाली बसायचा आणि पाणी पुढच्या नळात उतरायचं. मोटार नाही, पंप नाही. पुढच्या राज्यकर्त्यांनी अशाच आणखी नहरी काढल्या आणि पाणचक्की त्यांतल्याच एकीच्या पाण्यावर फिरली. महाल, दरवाजा आणि नहर ही एकाच माणसाच्या डोक्यातली, पाच-सहा वर्षांच्या आतली कामं. तिन्ही एकत्र पाहिली तरच त्यांचा मेळ कळतो.

सगळं बांधकाम अंबरच्या हातचं मानू नये. आतल्या इमारतींचं काम आलम खान याने केलं अशी नोंद आहे, आणि दीडशे वर्षांत मालक बदलले तशी भर पडत गेली.

मालक बदलत गेले

अंबरनंतर त्याचा मुलगा फतेहखान. त्याने खडकीला स्वतःच्या नावावरून फतेहनगर केलं. ते नाव फार टिकलं नाही. 1633 मध्ये दौलताबाद मुघलांकडे गेलं, आणि दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आलेल्या शाहजादा औरंगजेबाने 1653 मध्ये शहराला औरंगाबाद हे नाव दिलं. त्याने पुढे किले अर्क नावाचा स्वतःचा वेगळा परिसर बांधला.

नौखंड्याचे दिवस पुन्हा फिरले ते अठराव्या शतकात. 1724 च्या साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर पहिला निजाम आसफजाह दख्खनचा जवळजवळ स्वतंत्र मालक झाला. औरंगाबाद हे त्याचं मुख्य ठिकाण, आणि नौखंडा त्याच्या वापरातला महाल. त्याच्यामागे सलाबतजंग आणि निजाम अली खान यांनीही तो वापरला. हबशी वजिराच्या दीवान-ए-आममध्ये आता तुराणी वंशाच्या निजामांचा दरबार भरू लागला.

मग 1763 च्या सुमाराला निजाम अली खानाने राजधानी हैदराबादला नेली. औरंगाबादच्या इतिहासातला हा सर्वात शांत आणि सर्वात मोठा आघात. दरबार गेला की मागोमाग अमीर-उमराव जातात, त्यांच्यामागे हिमरूचे गिऱ्हाईक, गवंडी, माळी, हकीम, शायर. लढाईत जळालेलं शहर पुन्हा बांधता येतं, खडकीने ते दोनदा करून दाखवलं. पण निघून गेलेला दरबार परत आणता येत नाही.

महालात एक शेवटची खळबळ झाली. निजाम अली खानाचा मुलगा आलीजाह या वास्तूत राहिलेला. 1795 मध्ये खर्ड्याच्या लढाईत निजामाचा मराठ्यांकडून पराभव झाला, आणि काही महिन्यांतच आलीजाहने बापाविरुद्ध बंड केलं. निजामाच्या नोकरीतला फ्रेंच सेनानी रेमंड याने ते मोडलं. आलीजाह पकडला गेला आणि हैदराबादला पोहोचण्याआधीच त्याचा अंत झाला. नौखंड्यात राहिलेल्या कोणा मोठ्या माणसाची गोष्ट अशी इथेच संपते. पुढची शंभर वर्षं गोष्ट आहे ती छप्परं गळण्याची.

घर कसं हरवतं

1884 च्या गॅझेटियरने महाल पाहिला तेव्हाच तो बराचसा पडका होता. कुठल्या एका फौजेने तोफा लावून तो पाडला नाही. चुन्याच्या इमारतीला दरवर्षी पावसाळ्याआधी हात लागतो. धाब्यावरच्या फटी बुजवाव्या लागतात, पन्हाळी मोकळ्या कराव्या लागतात. एक-दोन पावसाळे सोडले तर पाणी मुरतं, लाकूड कुजतं, मग गिलावा सुटतो. बागेला पाणी देणारे नळ तुंबले की ओल पायात शिरते. आणि भिंत एकदा उघडी पडली की घडीव दगड, वासे, चौकटी यांना पाय फुटतात. जुन्या औरंगाबादेतल्या कितीतरी घरांच्या जोत्यात असा कुठून तरी आलेला घडीव दगड दिसतो.

आता तुलना करून पाहा. त्याच अंबरच्या काळातली जुना बाजारातली काळी मशीद उभी आहे. जामा मशीद उभी आहे. तिच्या दर्शनी कमानींपैकी पाच अंबरच्या, चार औरंगजेबाच्या असं सांगतात. तोच दगड, तोच चुना, तेच कारागीर. पण मशिदीत दिवसातून पाच वेळा लोक जातात. छत गळलं तर जुम्म्याला चर्चा होते, चंदा गोळा होतो, मोहल्ल्यातला मिस्त्री येतो. भडकल दरवाजा टिकला कारण त्याच्या खालून रस्ता जातो. सोनेरी महाल सरकारी संग्रहालय झाला म्हणून वाचला. नौखंड्याचा मालक मात्र शेकडो मैल दूर, आणि शहरातल्या कोणालाच त्या महालात काही काम उरलेलं नाही. घर बेघर होतं ते असं.

सगळा दोष काळावर टाकणंही आम्हाला पटत नाही. मकबरा, पाणचक्की आणि लेण्यांपुढे शहराच्या इतर वास्तू नेहमीच सावत्र राहिल्या. दरवाजांवर फलक लागले, रोषणाई झाली, चांगलं झालं. पण भडकलखालून जाणाऱ्या पोरांना हा दरवाजा कोणत्या घराचा, एवढं सांगणारी दोन ओळींची पाटी जागोजागी लावायला कितीसा खर्च येणार आहे?

आज तिथे काय आहे

ज्युबिली पार्कच्या बाजूला, जुन्या पत्त्यांमध्ये आजही ‘नवखंडा’ असंच लिहिलं जातं. त्याच पत्त्यावर डॉ. रफिक झकेरिया महिला महाविद्यालय आहे. डॉ. झकेरिया हे औरंगाबादचे आमदार, राज्यात मंत्री आणि इस्लामच्या इतिहासाचे अभ्यासक. शहरातल्या मुस्लिम मुलींच्या शिक्षणासाठी त्यांनी उभारलेल्या कामाचा फायदा आज कित्येक घरांतल्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीला होतो आहे. जिथे पाच जनाने होते, तिथे आता मुली पदवीचे वर्ग भरवतात. महालाचं महालपण गेलं, पण जागा पुन्हा गजबजली.

पाहायला जायचं असेल तर भडकलपासून सुरुवात करावी. सकाळी लवकर, रहदारी सुरू होण्याआधी, म्हणजे कमानीखाली निवांत उभं राहून वर पाहता येतं. उंची, आतलं घुमटाचं छत, बाजूच्या जागा आणि वरचा नौबतखाना डोळ्यांत भरला की त्यामागच्या वास्तूचा आवाका लक्षात येतो. तिथून नवखंडा चालत जाण्याइतकं जवळ. जाताना जमिनीचा चढ पायांना जाणवू द्या, तोच तो उंचवटा. महाविद्यालय मुलींचं आहे, त्यामुळे आत जायचं तर आधी रीतसर परवानगी घ्यावी. नंतर जुना बाजारात काळी मशीद आणि मग जामा मशीद, म्हणजे अंबरच्या हातची कमान अजूनही कशी वापरात आहे ते दिसेल.

वेळ असेल तर खुलताबादला जा. साधारण पंचवीस किलोमीटर. तिथे मलिक अंबरने हयातीतच बांधून ठेवलेली स्वतःची कबर आहे, दगडी, भारदस्त, फारशी गर्दी नसलेली, आणि जवळच त्याची बीवी करीमा हिचीही. त्याच गावात हजरत बुरहानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याच्या आवारात पहिला निजाम आसफजाह दफन आहे. नौखंड्याचे दोन मोठे मालक, मधे सव्वाशे वर्षांचं अंतर, आणि दोन्ही कबरी एकाच दुपारी पाहून होतात.